दुचाकीचं इंजिन, भाग ९ : रिंगा बसण्याचे दिवस

मागच्या आठवड्यात आपण ब्लॉक लेथवर दिला, बोअर पुढच्या मापाचा करून घेतला, त्याला जुळणारा ओव्हरसाइज पिस्टन घातला आणि इंजिन बंद केलं. आता गाडी गॅरेजच्या दारात उभी आहे. चावी हातात देताना मिस्त्री सांगतो, "भाऊ, हजार किलोमीटर दाबायची नाही." उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या गॅरेजांत हे वाक्य रोज बोललं जातं. वाक्य खरं आहे, पण अपुरं आहे. गिऱ्हाईक त्याचा अर्थ "होईल तितकी हळू चालवायची" असा लावतो, रेस उघडायलाच घाबरतो, आणि तिथूनच नव्या रिंगांची हेळसांड सुरू होते.

इंजिन "रनिंगमध्ये" असतं तेव्हा आत काय चाललेलं असतं ते आधी पाहू. होनिंग केलेल्या बोअरवर आडव्यातिडव्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. पाथरवटानं टाकी लावलेल्या पाट्यासारखा तो पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. रेघांच्या खाचांत तेल धरून राहतं आणि त्यांच्या कडा नव्या रिंगेचा काठ घासून घेतात. रिंग कितीही चांगल्या कंपनीची असली तरी पहिल्या दिवशी ती बोअरला सगळीकडून सारखी टेकत नाही. उंचवटे झिजून दोघांचा आकार एकमेकांशी जुळला, की त्याला आपण रिंगा बसल्या म्हणतो. खाचांच्या कडा एकदा गुळगुळीत झाल्या की घासण्याचं काम थांबतं. त्यामुळे मिळणारी संधी फार मोठी नसते. रिंगा बसण्याचं बरंचसं काम पहिल्या काही तासांतच उरकतं, हजाराव्या किलोमीटरची ते वाट पाहत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. रिंग बोअरवर दाबली जाते ती कशामुळे? तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो थोडा. खरा दाब येतो पेट्रोल जळताना. पेटलेल्या मिश्रणाचा वायू पिस्टनच्या खाचेत रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे ढकलतो. रेस जेवढी उघडी तेवढा हा दाब जास्त. म्हणजे रेस जेमतेम उघडून गाडी तासन्‌तास सरपटत नेली, तर रिंग भिंतीला धड टेकतच नाही. तेल तिच्या बाजूनं वर जातं, बोअरवरच भाजतं आणि त्या रेघांवर काचेसारखा चकचकीत थर चढतो. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झालं की पुढे कितीही नीट चालवा, गाडी तेल खातच राहते. उपाय एकच उरतो : ब्लॉक पुन्हा उतरवायचा, पुन्हा होन करायचा, नव्या रिंगा घालायच्या.

दुसऱ्या टोकाची भीतीही खोटी नाही. स्प्लेंडरचा हिशोब करून पाहा. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, क्षमता ९७.२ सीसी. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर पिस्टन त्या एका मिनिटात वर-खाली मिळून जवळपास ४०० मीटर घासतो, म्हणजे तासाला सुमारे २४ किलोमीटर. हे सगळं बोअर आणि पिस्टन यांच्यातल्या काही शतांश मिलिमीटरच्या फटीत. त्यात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि बोअर बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. अजून न जुळलेले पृष्ठभाग घर्षणानं नेहमीपेक्षा जास्त तापतात, आणि त्यात लांबलचक फुल रेस मिळाली तर फट संपते, पिस्टन भिंतीला चिकटतो. इंजिन जाम होतं ते असं.

म्हणून सांगायचं ते एवढंच की रिंगेला दाब हवा, पण उष्णता साठेल इतका वेळ नको. थोडा वेळ भार द्यायचा, मग सोडायचा, आणि हे परत परत करायचं. रनिंगचा सगळा शहाणपणा यात आहे.

पहिल्या स्टार्टपासून सुरुवात करू. स्पार्क प्लग काढून पंधरा-वीस किक मारल्या की तेल वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला लागतं. मग प्लग लावून चालू करायची. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलपेक्षा किंचित वर ठेवायचं, कुठे तेल गळतंय का ते पाहायचं आणि बंद करायचं. काही दुकानांत नवं बांधलेलं इंजिन स्टँडवरच तासभर चालू ठेवतात, समोर पंखा लावतात. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. आपल्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होतात, उभ्या गाडीला वारा मिळत नाही, आणि भार नसल्यामुळे रिंगेमागे दाबही येत नाही. नुसती उष्णता आणि ग्लेझिंग. सुरुवातीला निळसर धूर येतो तो जोडणीच्या वेळी लावलेल्या तेलाचा असतो, त्याला घाबरू नये.

इंजिन पूर्ण थंड झालं की पहिली फेरी. कॅम्प ४ मध्ये राहणाऱ्याची अडचण इथे आहे, कारण दारातून बाहेर पडलं की श्रीराम चौकाची गर्दी : पहिला गियर, दुसरा गियर, ब्रेक, पुन्हा पहिला. नव्या रिंगांसाठी याहून वाईट रस्ता नाही. रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना निघावं, अंबरनाथ ओलांडून बदलापूर गाठावं आणि तिथून बारवी धरणाकडे वळावं. तिथले हलके चढ-उतार या कामाला फार उपयोगी पडतात. चढावर तिसऱ्या गियरमध्ये अर्धी रेस देऊन गाडी थोडी ओढू द्यायची. उतारावर रेस पूर्ण सोडायची, गाडी गियरमध्येच राहू द्यायची. रेस बंद असताना बोअरमध्ये निर्वात तयार होतो, थोडं तेल वर ओढलं जातं आणि भिंत थंड होते. वेग सतत बदलता ठेवायचा, एकाच काट्यावर दहा-दहा मिनिटं चालवायचं नाही. वीसेक किलोमीटर झाले की थांबून इंजिन निवू द्यायचं. मुरबाडवरून पुढे माळशेज घाटाचा मोह होतो, तो महिनाभर पुढे ढकलावा.

वरच्या गियरमध्ये इंजिन गुदमरवणं हे जास्त रेसपेक्षाही वाईट. चौथ्या गियरमध्ये वीसच्या वेगानं खडखडत जाणाऱ्या गाडीत पिस्टनवर झटके बसतात आणि तेलाचा पुरवठा मात्र कमी असतो. उल्हासनगरात जीन्सचे गठ्ठे बांधून दुचाक्या गल्लीबोळांतून फिरतात, त्या गाड्यांचं हे रोजचं दुखणं आहे. गाडीवर पोट असणाऱ्याला आठवडाभर घरी बसा असं सांगणं अन्यायाचं होईल. त्यानं निदान पहिले दोन-तीनशे किलोमीटर गठ्ठे निम्मे करावेत आणि गियर लवकर खाली टाकावा.

तेलाबद्दल कंजुषी नको. पहिलं तेल पन्नास ते शंभर किलोमीटरांत काढून टाकावं, दुसरं पाचशेच्या आसपास. पहिल्या तेलात राखाडी चमक दिसते, ती झिजलेल्या धातूची भुकटी. चिमटीत धरता येईल असा कण सापडला, तर मात्र गाडी तशीच परत न्यावी. स्प्लेंडरच्या घराण्यात कागदी फिल्टर नसतो. फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि जाळी असते, आणि इंजिन बांधताना ती साफ केली नसेल तर जुना गाळ नव्या बोअरमध्ये फिरतो. तेव्हा मिस्त्रीला हे आवर्जून विचारा. ग्रेड गाडीच्या पुस्तकात आहे तोच घ्या, शक्यतो साधं मिनरल तेल, आणि डब्यावर जासो एमए ही खूण पाहा. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. काढलेलं तेल नाल्यात ओतू नका. आपल्याकडचं पाणी वालधुनीला मिळतं, आणि त्या नदीनं पुष्कळ सोसलं आहे.

अनेकांच्या घरी अजून यामाहा आरएक्स १०० आहे आणि तिचंही इंजिन हौसेनं बांधलं जातं. तिचा बोअरही ५० मिलिमीटरच, पण वरचे सगळे नियम तिला लावू नका. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला पेटतं, त्यामुळे पिस्टनला निवायला उसंत मिळत नाही. शिवाय तिचा तेलपंप रेसच्या तारेला जोडलेला असतो : रेस सोडली की तेल आणि तेलमिश्रित पेट्रोल दोन्ही कमी. फोर-स्ट्रोकला उतारावर हितकारक ठरणारी सवय इथे इंजिन जाम करू शकते. आरएक्सवर उतार लागला की क्लच दाबावा, अधूनमधून हलकी रेस द्यावी.

पाचशे किलोमीटरनंतर दोन गोष्टी तपासायच्या. चढावर ओढताना निळा धूर येत राहिला तर संशय रिंगांवर. फक्त सकाळच्या पहिल्या किकला धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील पाहा. याच सुमारास थंड इंजिनवर टॅपेट सेट करून घ्यायचे, कारण नवे घासलेले व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये किंचित खोल बसलेले असतात आणि फट कमी झालेली असते. ती मोजायची कशी आणि किती ठेवायची, ते पुढच्या भागात.