शिबिराचा तंबू : निवड आणि निवास

एका रात्रीच्या सहलीत तंबू हा केवळ आडोसा असतो. सात-दहा दिवसांच्या शिबिरात तोच घर होतो. त्यात झोपायचे असते, कपडे बदलायचे असतात, पावसाची झड लागली तर वाचत बसायचे असते आणि एखाद्या मुलाला ताप आला तर त्याला तेथेच पडून राहायचे असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर असो, दहा दिवसांचे श्रामणेर शिबिर असो वा स्काऊट-गाईडचा मेळावा असो, हा फरक ध्यानात घेतला नाही तर मुलांची झोप आणि प्रकृती दोन्ही बिघडतात. निवासी शाळेला तंबू भेट देण्याची इच्छा माजी विद्यार्थी व पालक वेळोवेळी व्यक्त करतात. ती सदिच्छा सार्थकी लागावी, यासाठी हे विवेचन.

मोठ्या निवासाची रचना कशी असावी, याचा उत्तम धडा आपल्या शेजारीच आहे. अजिंठ्याच्या विहारांत मध्यभागी प्रशस्त सभामंडप आणि त्याच्या कडेने भिक्खूंच्या लहान खोल्या आहेत. एकत्र बसण्याची जागा सामाईक, निजण्याची जागा स्वतंत्र. दीर्घ मुक्कामाचा तंबूही याच तत्त्वावर निवडावा. मधला भाग बसण्या-उठण्यासाठी मोकळा आणि दोन्ही बाजूंना पडद्यांनी विभागलेल्या निजण्याच्या जागा, अशी रचना असलेला तंबू थोडा महाग पडतो. पण किशोरवयीन मुलींना कपडे बदलण्यासाठी आडोसा शोधत हिंडावे लागत नाही. ही सोय चैनीची मानू नये.

आता आकाराविषयी. तंबूच्या पिशवीवर ‘आठ व्यक्तींसाठी’ असे छापलेले असते. हा हिशेब बहुधा खांद्याला खांदा लावून झोपलेल्या माणसांचा असतो. त्यात ट्रंका, दप्तरे, चपला यांना जागा धरलेली नसते. म्हणून छापील आकड्यावर न जाता जमिनीचे क्षेत्रफळ पाहावे. चार मीटर रुंद व पाच मीटर लांब तंबूत 20 चौरस मीटर जागा मिळते. नुसते निजण्यापुरते माणशी सव्वा चौरस मीटर धरले, तर त्यात सोळा जण कोंबता येतात. आपत्तीनंतरच्या निवाऱ्यासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांत मात्र माणशी किमान 3.5 चौरस मीटर आच्छादित जागा सांगितली आहे. त्या मापाने येथे पाचच जण राहू शकतात. दिवसाचा बराच वेळ मैदानावर जाणाऱ्या शालेय शिबिरासाठी माणशी अडीच चौरस मीटर, म्हणजे या तंबूत आठ मुले, हे प्रमाण व्यवहार्य ठरते. मधली उंची सहा फुटांहून अधिक असावी. भिंती उतरत्या असतील तर कडेची जागा वापरता येत नाही, तेवढी हिशेबातून वजा करावी.

कापडाची निवड हवामानावर अवलंबून असते. जाड सुती कॅनव्हासमधून हवा खेळती राहते आणि पावसात त्याचे धागे फुगून छिद्रे मिटतात. म्हणूनच नवा कॅनव्हास पहिल्या वापरापूर्वी दोन-तीनदा भिजवून वाळवतात. मात्र वर सांगितलेल्या आकाराचा असा तंबू तीस-चाळीस किलो भरतो. त्याला टेम्पो लागतो. पॉलिस्टर हलके, लवकर वाळणारे. पण बंद पॉलिस्टरच्या तंबूत रात्रभरच्या श्वासाची वाफ आतून थेंबांच्या रूपाने साचते आणि पहाटे पांघरुणे ओली होतात. ते घ्यायचेच असेल तर दुहेरी आवरणाचे आणि समोरासमोर जाळीच्या खिडक्या असलेले घ्यावे. वेष्टनावर ‘2000 मिलिमीटर’ असा आकडा असतो. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड गळू न देता सहन करते, असा त्याचा अर्थ. तळाच्या कापडावर माणसांचा भार पडतो, म्हणून तेथे हा आकडा अधिक हवा.

खानदेशात तीन ऋतूंची तीन दुखणी आहेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा कोणताही तंबू दुपारी भट्टी होतो. निंब-चिंचेची सावली, फिकट रंगाचे कापड आणि छतावर हातभर अंतर सोडून ताणलेली जादा ताडपत्री, हाच उपाय. हजार मीटरांहून उंच असलेल्या तोरणमाळला हिवाळी शिबिर नेले, तर प्रश्न थंडीचा असतो. तेथे जमिनीवर जाड अंथरूण लागते, कारण थंडी खालून चढते. पावसाळ्याचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. 1937 साली बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. त्या स्मृतीसाठी दरवर्षी 31 जुलैला अनुयायी तेथे जमतात. अशा दिवसांत डोंगराळ भागात मुक्काम करायचा तर तंबू नाल्याच्या पात्रापासून दूर, किंचित उंचवट्यावर ठोकावा.

मेखांचा विचार बहुधा शेवटी होतो. वास्तविक तो आधी व्हावा. तापीकाठची काळी माती भिजली की मेख सैल होऊन उपटते; तेथे लांब व रुंद पात्याच्या मेखा लागतात. डोंगरावरच्या खडकात मेख शिरतच नाही. तेथे दोर मोठ्या दगडांना वा वाळूच्या पोत्यांना बांधावे लागतात. म्हणून स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू आपल्याकडे अधिक उपयोगी, तरी वाऱ्यासाठी दोर हवेतच. विंचू-सापांच्या दृष्टीने तळ भिंतींना शिवलेला आणि दाराला पक्की चेन असावी. चूल, शेगडी वा कोळशाची पाटी तंबूत कधीही नेऊ नये; आगीइतकाच विषारी वायूचाही धोका असतो.

शिबिराहून परतल्यावर तंबू पूर्ण वाळवूनच घडी करावा, अन्यथा एका पावसाळ्यात बुरशी त्याचे आयुष्य संपवते. देणगीदारांनी तंबूसोबत जादा मेखा, दोर, ताडपत्री व दुरुस्तीचे कापड यांचीही तजवीज करावी. अंतिम खरेदीपूर्वी तो शाळेच्या मैदानात उभारून आठ मुलांना सामानासह एक रात्र त्यात राहू द्यावे. पावसात दाराशी कोणाला निजावे लागते, हे सकाळी त्यांना विचारावे. एकाही मुलाचे अंथरूण ओलाव्यात येत असेल, तर त्या तंबूत सात मुलांचीच सोय आहे असे समजावे.