नाताळच्या सुटींतील एक दिवसाची सहल

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे हल्लीं वर्तमानपत्रांतून युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकूं लागतात. लंडन, पॅरिस किंवा लिस्बन येथें मित्रमंडळीसह हिंवाळ्यांतील तीन-चार दिवस घालवावे, अशी तरुणांस हौस वाटते, व ती वाईट नव्हे. परंतु मागांच्या खडखडाटांत वाढलेल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ती आज परवडण्यासारखी नाहीं. तथापि युरोपीय धाटणीचें एक तटबंद शहर भिवंडीपासून अवघ्या तीसएक किलोमीटरांवर आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकीं कित्येकांच्या ध्यानांतही नसते. तें शहर म्हणजे वसईचा किल्ला. तेथील सहलीची आंखणी कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. आंखणीचे जे नियम वसईस लागू पडतात, तेच उद्यां लिस्बनासही लागू पडतील.

पहिला नियम असा कीं, जेथें जावयाचें त्या स्थळाची माहिती घरींच करून घ्यावी. भिवंडी-कल्याणाकडून वाहत जाणारी खाडी वसईपाशीं समुद्रास मिळते. अर्थात् ज्याच्या हातीं वसई, त्याच्या हातीं या खाडीच्या व्यापाराचें दार. म्हणूनच पोर्तुगीजांची नजर तिच्यावर होती. १५३४ सालच्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें ती त्यांस दिली, व पुढें त्यांनीं तेथें तट उभारून आंत एक संपूर्ण नगर वसविलें. त्यांच्या उत्तर प्रांताचें हेंच मुख्य ठाणें. जपानांत १५९७ सालीं ख्रिस्ताकरितां प्राण देणारा गोन्सालो गार्सिया हा याच वसईचा पुत्र. त्यास १८६२ सालीं संतपद मिळालें. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली व आपल्या आरमाराचा पाया याच खाडीच्या कांठीं घातला. १७३९ सालच्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. या विजयासाठीं त्यांनीं वज्रेश्वरीस नवस केला होता असें सांगतात, व तें देऊळ तर आपल्या भिवंडी तालुक्यांतच आहे. वसईहून नेलेली एक मोठी घंटा नाशिकास नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. पुढें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं केलेला प्रसिद्ध तहही येथलाच. इतकें जाणून जो जाईल, त्यास पडक्या भिंतीही बोलक्या वाटतील. न जाणतां जाणारास त्या केवळ दगड आहेत.

दुसरा विचार उजेडाचा. हिंवाळ्यांत दिवस लहान असतो, पण सर्वत्र सारखाच लहान नसतो. पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें डिसेंबरांत उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकतो, आणि जो जो उत्तरेकडे जावें तो तो दिवस अधिक आंखूड होतो. लंडनास त्या दिवसांत दुपारीं चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. दिवस आठ तासांचाही भरत नाहीं. म्हणून तेथील प्रवासी रस्ते, पूल व बागा दुपारींच पाहून घेतो आणि संग्रहालयें मागाहून पाहतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्यामुळें आपणांस सुमारें अकरा तासांचा उजेड मिळतो. सूर्य सातानंतर उगवतो व सहानंतर लवकरच मावळतो. त्यांतून येण्याजाण्याचा वेळ वजा घालून जें उरेल, तेवढेंच पाहण्याचें ठरवावें.

तिसरा विचार परतीचा. भिवंडी रोड स्थानकावरून दिवा-वसई मार्गानें थेट वसई रोडपर्यंत जातां येतें. खारबाव, कामण व जुचंद्र हीं स्थानकें वाटेंत लागतात. परंतु या मार्गावर गाड्या थोड्या आहेत. यास्तव जाण्याच्या गाडीच्या आधीं परतीची गाडी निश्चित करावी, व तिची वेळ प्रत्येकाच्या घरीं लिहून ठेवावी. ती चुकली तर दादर-ठाण्यावरून वळसा घालून यावें लागतें. तेवढे पैसे निराळे बांधून घेतलेले बरे. वसई रोडपासून किल्ला सात-आठ किलोमीटर आहे. बस किंवा रिक्षा मिळते.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न, खर्चाचा. मित्रांची बैठक भरते, कोणी उपाहारगृहांतील जेवण सुचवितो, कोणी दिवसभराची मोटार. तेव्हां एखादा मुलगा हळूच म्हणतो, "मला त्या दिवशीं घरीं काम आहे." पुष्कळदां तें काम नसतें, ती लाज असते. मंदीमुळें ज्याच्या वडिलांचे माग बंद पडले आहेत, त्यानें चारचौघांत तें सांगावें तरी कसें? याकरितां आम्ही एक रीत सुचवितों. प्रत्येकानें, घरास ओझें न होतां आपण किती देऊं शकूं, ती रक्कम चिठ्ठीवर लिहावी. नांव घालूं नये. सर्व चिठ्ठ्या एकत्र करून त्यांतील सर्वांत लहान आंकडा हीच सर्वांची वर्गणी ठरवावी. समजा, पांच मित्रांनीं तीनशें, दोनशें, दोनशें, दीडशें आणि शंभर असे आंकडे लिहिले. तर वर्गणी शंभर, व एकंदर निधि पांचशें. एवढ्यांत बसेल तीच सहल. उपाहारगृह गळेल, घरची भाजीभाकरी येईल. मोटार गळेल, आगगाडी येईल. एवढ्यानेंही भागत नसेल, तर आपल्याच तालुक्यांतील लोनाडचीं लेणीं पाहावीं. स्थळ बदलावें, पण मित्र मागें ठेवूं नये. निधि एकाच्या हातीं द्यावा, दुसऱ्यानें हिशेब लिहावा, व उरलेले पैसे त्याच संध्याकाळीं सारखे वांटावे.

दिवस निवडतांनाही विवेक हवा. पंचवीस तारीख वसईकर ख्रिस्ती कुटुंबांची उपासनेची व घरीं एकत्र बसण्याची असते. त्यानंतरचा एखादा दिवस बरा. त्या सप्ताहांत गांवांतून व आळ्यांतून ख्रिस्तजन्माचे सुंदर देखावे मांडलेले असतात, व त्यांचें दर्शन हिंदु-मुसलमान मित्रांसही आनंददायक होईल. ख्रिस्तमंदिरांत शिरावयाचें तर शांतपणें शिरावें, व उपासना चालू असतां छायाचित्रें काढूं नयेत.

किल्ल्यांत भूदरवाजानें प्रवेश करून खाडीकडील बंदर-दरवाजापर्यंत जावें, म्हणजे नगराचा क्रम समजतो. आंत सेंट जोसेफचा उंच मनोरा, जेझुइटांच्या मंदिराची कोरीव दर्शनी बाजू, आणि फ्रान्सिस्कनांच्या मंदिरांतील पोर्तुगीज लेखांच्या थडग्यांच्या शिळा अवश्य पाहाव्या. पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. ढांसळत्या भिंतींवर चढूं नये, आणि तेथें आपलें नांव कोरूं नये. परत येतांना वसईचीं सुकेळीं घरच्यांसाठीं आणावीं. पैसे उरले असतील तर.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांस आंखणी स्वतः करूं द्यावी. मग वेळा व हिशेब तपासावे, आणि परवानगी द्यावी. आज जो पांच मित्रांचे शंभर रुपये न्यायानें खर्च करण्यास शिकेल, तो उद्यां परदेशीं गेला तरी गोंधळणार नाहीं. आणि न गेला तरी त्याचे सोबती त्यास कधीं अंतर देणार नाहींत.