जत्रेतला रोबोट आणि नारळीकरांच्या कुंडल्या

धामणगाव बढ्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: जत्रेतल्या भविष्य सांगणाऱ्या रोबोटचा हेडफोन कानाला लावला, की तो नेमकं आपल्या मनातलं कसं बोलतो?

त्याच्या पोटात आधीच रेकॉर्ड केलेला आवाज असतो. समोर कोण उभं आहे हे त्याला कळत नाही. अमेरिकेत कोनी आयलंडला काचेच्या पेटीत बसलेली आजी हेच करायची. नाणं टाकलं की पत्त्यांवरून हात फिरवायची आणि खाली छापील भविष्य पडायचं. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या वजनकाट्याच्या तिकिटावरही भविष्य असायचं. वजन तुमचं, भविष्य गठ्ठ्यातलं!

तरी ते पटतं. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा ‘निकाल’ दिला. मजकूर सगळ्यांना एकच, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. जुळवाजुळव ऐकणाराच करतो.

म्हणून ‘पटलं का’ हा प्रश्नच चुकीचा. ‘कुंडली पाहून खरंच ओळखता येतं का’ हा योग्य प्रश्न विचारला तो खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या त्यांनी एकत्र मिसळल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून कोणती कोणाची ते कळवलं. सरासरी यश 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 तपासल्या, त्यातल्या 102 बरोबर आल्या. निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले.

या चाचणीची आठवण निघते तेव्हा कुंटे यांचं नाव क्वचितच येतं. ते पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि चाचणीचा कणा संख्याशास्त्राचाच होता. यश मानायला 40 पैकी किमान 28 उत्तरं बरोबर हवीत, हे आधीच ठरलेलं होतं. सर्वांत पुढच्या ज्योतिषाला 24 जमली. कोणी म्हणेल, 24 म्हणजे 60 टक्के, वाईट काय? पण 27 जणांनी प्रत्येकी 40 वेळा नाणं उडवलं, तर त्यांच्यातल्या सर्वांत नशीबवानाचे छाप 25-26 पर्यंत सहज जातात. दहावीला संभाव्यता शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावंच. नाणी आणि एक तास, एवढंच लागतं.