तार जाड केली, तरी स्प्रिंग का तुटली?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, स्प्रिंग तुटली की तार एक नंबर जाड घ्यायची ना?" मीही असंच समजायचो.

धुळ्याला अवधान एमआयडीसीत एक डाळमिल. तूर चाळायची व्हायब्रेटिंग चाळणी चार कोपऱ्यांत स्प्रिंगांवर उभी. तार १० मिलिमीटरची, वर्षाला एखादी तुटायची. मी जळगावहून १२ ची करून दिली. व्यास, वेटोळी तीच. दोन महिन्यांत दोन तुटल्या. वर जमीन एवढी हादरायची, की शेजारच्या वजनकाट्यावर आकडा ठरेना. चूक माझीच होती.

आता हिशेब बघा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १.२ चा चौथा घात २.०७, म्हणजे दुप्पट कडक! आधी चाळणीच्या वजनाने स्प्रिंग २० मिलिमीटर दबायची, आता जेमतेम १०. मोटर ९६० फेऱ्यांची. अशा वेळी हलणाऱ्या जोराचा जमिनीत जाणारा भाग साधारण ५ टक्क्यांवरून ११ वर जातो.

आणि चाळणी किती हलायची, हे मुख्यतः मोटरवरची वजनं ठरवतात, स्प्रिंग नाही. तेवढ्याच हालचालीत जाड तारेला पीळ २० टक्के जास्त बसतो. वजन पेलायला ती मजबूत, पण सतत हलायला वाईट. हे मला कुणी कॉलेजात असं सांगितलंच नव्हतं, राव.

तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. तडा वेटोळ्याच्या आतल्या अंगाने, एका ओरखड्यापासून सुरू झालेला. ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो, आणि जाड तार त्याच व्यासात वळवली की आणखी वाढतो.

मग तार परत १० ची केली, कामाची वेटोळी पाचाची सहा केली. साध्या तारेऐवजी क्रोम-व्हॅनेडियम घेतली आणि शॉट पीनिंग करून घेतलं. म्हणजे बारीक पोलादी गोळ्यांचा मारा. त्याने पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तडा सहजी उघडत नाही. चार वर्षांत एकच बदलली.

"आपल्याकडचं ऊन?" असंही विचारतात. अहो, ४५ अंश पोलादाला काहीच नाही; साधी स्प्रिंगची तारसुद्धा शंभराच्या पुढे टिकते. इंजिन, भट्टी असेल तर वेगळा विचार.

खरा शत्रू गंज. केळीच्या ठिबकमधून पांढरा पोटॅश सोडता ना? त्यात क्लोराइड असतं. व्हॉल्व्हमधल्या ३०४ स्टेनलेसच्या स्प्रिंगलाही ते बारीक खड्डे पाडू शकतं. तिथे ३१६ घ्या, आणि खत सोडून झालं की साधं पाणी फिरवा.

मला स्प्रिंग करायला देताना जुना तुकडा फेकू नका. दोन्ही अर्धे, न घासता, न पुसता, तसेच पिशवीत घालून आणा.