नीलांतर्गत द्रवाधान : प्रवाहगती व मात्रागणन

नीलांतर्गत द्रवाधान : लवण, शर्करा किंवा औषध यांचा निर्जंतुक विद्राव नीलेत बसविलेल्या सुईवाटे अथवा बारीक नलिकेवाटे ठराविक गतीने रक्तप्रवाहात सोडण्याच्या क्रियेस नीलांतर्गत द्रवाधान म्हणतात. व्यवहारात तिला ‘सलाईन लावणे’ असे म्हटले जाते. तथापि दिला जाणारा द्रव प्रत्येक वेळी लवण विद्रावच असतो असे नाही. तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून शोषले जाऊन रक्तात पोहोचण्यास वेळ लागतो. नीलेतून दिलेले औषध मात्र तत्काळ रक्तात मिसळते आणि एकदा दिल्यावर ते परत घेता येत नाही. त्यामुळे या पद्धतीत मात्रेइतकेच गतीलाही महत्त्व असते. किती द्रव किती वेळात द्यावयाचा हे वैद्य ठरवितात. त्याचे दर मिनिटास पडणाऱ्या थेंबांत रूपांतर करणे व ती गती राखणे हे परिचारिकेचे काम असते. म्हणून परिचर्येच्या शिक्षणात या गणिताला आवश्यक स्थान आहे.

इतिहास : १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची साथ पसरली असता विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी रोग्यांच्या रक्ताचे परीक्षण करून त्यातील पाणी व लवणे फार कमी झाल्याचे दाखविले. (हेच ओशॉनेसी पुढे भारतात तारायंत्राच्या उभारणीमुळे प्रसिद्धीस आले.) त्या आधारे स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये रोग्यांच्या नीलेत लवण विद्राव सोडला. त्यांची पहिली रोगी, एक वृद्ध स्त्री, मरणोन्मुख अवस्थेतून आश्चर्यकारक रीतीने सावरली. परंतु जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रव देणे पुढे चालू राहिले नाही आणि काही तासांतच तिचा मृत्यू झाला. शरीरातून द्रव जात असेपर्यंत त्याची भरपाई मापाने चालू ठेवली पाहिजे, हा धडा या पहिल्याच प्रयोगातून मिळतो. ऊर्ध्वपातित पाण्यातील ज्वरोत्पादक द्रव्ये जंतूंपासून निर्माण होतात, हे फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ मध्ये दाखविल्यानंतर ही पद्धत बरीच निर्धोक झाली.

संहती व एकके : विद्रावाची संहती बहुधा शेकडेवारीने दर्शवितात. ५% ग्लुकोज म्हणजे १०० मिलि. विद्रावात ५ ग्रॅ. ग्लुकोज, म्हणून ५०० मिलि. बाटलीतून रोग्यास २५ ग्रॅ. ग्लुकोज मिळते. सामान्य लवण विद्राव ०·९% असतो, म्हणजे एका लिटरात ९ ग्रॅ. मीठ असते. औषधांच्या मात्रा मिग्रॅ. किंवा मायक्रोग्रॅम यांत सांगतात (१ ग्रॅ. = १,००० मिग्रॅ.; १ मिग्रॅ. = १,००० मायक्रोग्रॅम). इन्शुलिन व हेपारीन यांसारखी औषधे आंतरराष्ट्रीय एककांत मोजली जातात. गणित सुरू करण्यापूर्वी सर्व राशी एकाच एककात आणणे आवश्यक असते.

थेंबगती : द्रव बाटलीतून एका पारदर्शक कुपीत थेंबाथेंबाने पडतो व नळीवाटे नीलेत जातो. नळीवरील चाकाची पकड कमीजास्त आवळून गती बदलता येते. नेहमीच्या संचाचे बहुधा २० थेंब मिळून १ मिलि. होते, काही संचांत हे प्रमाण १० किंवा १५ असते. सूक्ष्म थेंबांच्या संचात ते ६० असते. हा आकडा संचाच्या वेष्टनावर छापलेला असतो व तो पाहूनच गणित करावे लागते. सूत्र असे :

दर मिनिटास थेंब = (द्रवाचे घनफळ मिलि. × १ मिलि. मधील थेंब) ÷ कालावधी मिनिटांत

उदा., १,००० मिलि. द्रव ८ तासांत (४८० मिनिटांत) २० थेंबांच्या संचातून द्यावयाचा असल्यास १,००० × २० ÷ ४८० = ४१·७, म्हणजे दर मिनिटास सुमारे ४२ थेंब पडावयास हवेत. चार तासांनंतर बाटलीत ५०० ऐवजी ६०० मिलि. द्रव उरला असेल, तर उरलेल्या वेळासाठी ६०० × २० ÷ २४० = ५० थेंब ही गती येते. मात्र मागे पडलेला द्रव आपल्या विचाराने घाईने भरून काढू नये. हृदय वा वृक्क दुर्बल असणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्यामुळे पाणी साठू शकते. अशा वेळी वैद्यांना विचारूनच नवी गती ठरवितात.

सूक्ष्म थेंबांच्या संचात ६० थेंबांचे १ मिलि. होते व तासाची मिनिटेही ६० असतात. त्यामुळे दर मिनिटाचे थेंब व दर तासाचे मिलि. हे आकडे एकच येतात. लहान मुले व प्रभावी औषधे यांच्यासाठी हा संच सोयीचा ठरतो. मुलांची दैनंदिन द्रवाची गरज हॉलिडे व सेगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या नियमाने काढता येते : वजनाच्या पहिल्या १० किग्रॅ. साठी प्रत्येकी १०० मिलि., पुढील १० किग्रॅ. साठी प्रत्येकी ५० मिलि. व त्यापुढे प्रत्येकी २० मिलि. या हिशेबाने १४ किग्रॅ. वजनाच्या मुलास २४ तासांत १,००० + २०० = १,२०० मिलि., म्हणजे तासाला ५० मिलि. द्रव लागतो, सूक्ष्म संचातून दर मिनिटास ५० थेंब सोडावे लागतात.

वजनानुसार औषधमात्रा : रक्तदाब वाढविणाऱ्या डोपामीनसारख्या औषधाची मात्रा दर किग्रॅ. वजनास दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम अशी सांगतात. समजा, ६० किग्रॅ. वजनाच्या रोग्यास ५ मायक्रोग्रॅम या दराने ते द्यावयाचे आहे आणि २०० मिग्रॅ. औषध मिसळून एकूण २५० मिलि. विद्राव केला आहे. (१) दर मिनिटाची गरज ६० × ५ = ३०० मायक्रोग्रॅम; (२) दर तासाची गरज ३०० × ६० = १८,००० मायक्रोग्रॅम; (३) १ मिलि. मध्ये २,००,००० ÷ २५० = ८०० मायक्रोग्रॅम; (४) म्हणून गती १८,००० ÷ ८०० = २२·५ मिलि. दर तासास.

पोटॅशियम क्लोराइडाच्या बाबतीत गतीची चूक प्राणघातक ठरू शकते. १५% विद्रावाच्या १० मिलि. कुपीत सुमारे २० मिलिमोल पोटॅशियम असते. ते विरल न करता नीलेत दिल्यास हृदय बंद पडते. सामान्यतः हाताच्या नीलेतून ते तासाला १० मिलिमोलपेक्षा अधिक देत नाहीत. एक कुपी ५०० मिलि. द्रवात पूर्णपणे मिसळून ४ तासांत दिल्यास हा दर ५ मिलिमोल राहतो. तीच बाटली अर्ध्या तासात संपली तर तो ४० मिलिमोल, म्हणजे मर्यादेच्या चौपट होतो.

याउलट पटकीने अतिशय शुष्क झालेल्या रोग्याच्या बाबतीत संथपणा घातक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार एक वर्षावरील रोग्यास रिंगर लॅक्टेट विद्राव दर किग्रॅ. वजनास ३० मिलि. पहिल्या अर्ध्या तासात व ७० मिलि. पुढील अडीच तासांत देतात. एक वर्षाखालील अर्भकांसाठी हेच कालावधी अनुक्रमे १ तास व ५ तास असतात. ५० किग्रॅ. वजनाच्या प्रौढास अर्ध्या तासात १,५०० मिलि. द्यावयाचे झाल्यास गणिताने मिनिटास १,००० थेंब येतात. असे थेंब मोजता येत नाहीत, द्रवाची धारच लागते. म्हणून येथे बाटलीतील पातळी व घड्याळ यांवर लक्ष ठेवावे लागते.

चुका व दक्षता : गणित अचूक असले तरी गती आपोआप टिकत नाही. बाटलीची उंची, हाताची स्थिती, नळीला पडलेला पीळ व सुईच्या टोकाशी झालेली गुठळी यांमुळे ती बदलते. म्हणून थेंब पूर्ण एक मिनिट मोजतात, बाटलीवर पट्टी चिकटवून तासागणिक अपेक्षित पातळीच्या खुणा करतात आणि सुईजवळ सूज वा वेदना आहे काय हे पाहतात.

दशांश चिन्हाच्या घोटाळ्याने मात्रा दसपट होऊ शकते. यासाठी पूर्णांकापुढे शून्य लिहीत नाहीत (५·० ऐवजी ५) व अपूर्णांकामागे शून्य लिहितात (·५ ऐवजी ०·५). भारतात १ मिलि. मध्ये ४० व १०० एकके असलेले अशी दोन प्रकारची इन्शुलिने मिळतात. १०० एककांचे इन्शुलिन ४० च्या पिचकारीने मोजल्यास मात्रा अडीच पट होऊन रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. जोखमीच्या औषधांचे गणित दोघींनी स्वतंत्रपणे करून उत्तरे ताडून पाहण्याची रीत म्हणूनच रूढ झाली आहे.

विजेवर चालणाऱ्या द्रवाधान पंपात दर तासाचे मिलि. भरल्यावर तो ती गती राखतो. तथापि चुकीचा आकडाही तो तितक्याच निष्ठेने पाळतो. त्यामुळे पंप असतानाही अपेक्षित उत्तराचा अंदाज मनाशी असणे आवश्यक ठरते.