दोन माता, एक बाळ : स्तन्यपानाची वाटणी

बाळाला दोन माता असतील, तर त्याला अंगावर कोणी पाजावे, अशी पृच्छा आमच्याकडे होते. दोघींनाही पाजता येते. मात्र त्याची आखणी प्रसूतीपूर्वीच व्हावयास हवी.

दूध येण्यासाठी गर्भधारणा अनिवार्य नाही. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करते, ऑक्सिटोसिन ते बाहेर आणते. चोखण्याने दोन्ही स्रवतात. म्हणून दुसरी माता काही महिने आधीपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन, पुढे दिवसातून अनेकदा पंप वापरून दूध आणू शकते. न्यूयॉर्क येथील एका पारलिंगी मातेने अशाच उपचारांनंतर बाळाला सहा आठवडे केवळ स्वतःच्या दुधावर वाढविल्याची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली.

येथे हिशेब साधा आहे : स्तन जितका रिकामा होतो, तितके दूध पुन्हा तयार होते. दुसरीने पाजले त्या वेळी जन्मदात्रीने दूध काढले नाही, तर तिचे दूध आटू लागते. पहिल्या दिवसांतील चीक तिचाच मिळावा. दोघींचीही एचआयव्ही व हिपॅटायटिस-बी तपासणी व्हावी. दुसरीचे दूध पुष्कळदा अपुरे पडते. वजन वाढत नसल्यास वरचे दूध देण्यात कमीपणा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता नाकारल्याने दुसऱ्या मातेस भारतात विवाहाचा दाखला मिळत नाही. प्रसूतिकक्षात आम्ही तो मागत नाही. आम्ही बाळाचे वजन पाहतो.