कॅबच्या ट्रिप्सवरून ‘फुल्ल’ हॉटेल कसं शोधतात?

शुक्रवारी रात्री ठाण्यात कुठलं हॉटेल किंवा बार फुल्ल आहे, हे कॅब ॲपला कुणालाही न विचारता कळू शकतं. कसं ते बघूया.

प्रत्येक ट्रिपमध्ये पिकअप, ड्रॉप आणि वेळ नोंदवली जाते. नकाशाचे छोटे चौकोन पाडायचे आणि रात्री ८ ते ११ मध्ये कुठे किती ड्रॉप झाले ते मोजायचं. स्टेशनवर ड्रॉप दिवसभर असतात, म्हणून सकाळच्या आकड्याशी तुलना करायची. फक्त रात्रीच आकडा वाढतोय आणि मध्यरात्री तिथूनच पिकअप होतायत? मग तिथे बार असण्याची शक्यता जास्त.

मी माझ्या स्वतःच्या वर्षभराच्या ट्रिप्स अशाच तपासल्या. मामलेदार मिसळ कुठेच नाही, कारण तिथे मी ठाणे स्टेशनवरून चालत जातो. डोंबिवलीचा फडके रोडही नाही. म्हणजे ही यादी फक्त कॅबने जाणाऱ्यांच्या आवडीची.

पण माझं घर मात्र पहिल्या मिनिटात सापडलं!

हाच खरा धोका. न्यूयॉर्कच्या २०१३ मधल्या सुमारे १७ कोटी टॅक्सी ट्रिप्सचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला. प्रवाशांची नावं नव्हती, तरी नाइट क्लबबाहेरून निघालेली टॅक्सी कुठल्या घरापाशी थांबली, हे शोधता आलं.

त्यामुळे लोकेशन परमिशन ‘ॲप वापरताना’ एवढीच द्या आणि घरचा पिन गेटऐवजी जवळच्या नाक्यावर ठेवा. चार पावलं चालावं लागेल, इतकंच.